ऊर्जा-कायद्यात दोन पदव्या: मुंबईतून निघायचं तर

ऊर्जा आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या विषयात कायद्याच्या दोन पदव्या घ्यायच्या म्हटलं की घरात आधी विद्यापीठांची यादी निघते, मग फीचा आकडा, मग कर्जाचा. वकिलीची सनद कुठली घेणार हे कुणीतरी अगदी शेवटी विचारतं, आणि तोवर अर्जाची फी, परीक्षेची फी, एखादं डिपॉझिट भरून झालेलं असतं. हा क्रम उलटा करा. मुंबई उच्च न्यायालयात आणि वीज नियामक आयोगापुढे उभं राहायचंय, न्यूयॉर्कच्या फर्ममध्ये करार लिहायचेत, की अमेरिकेच्या टेक्सासमधल्या किंवा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या तेल कंपन्यांचं काम करायचंय, हे आधी ठरवा. तिन्हींना लागणाऱ्या पदव्या वेगळ्या, वर्षं वेगळी, आणि परतीचा रस्ताही वेगळा.

‘दुहेरी पदवी’ नावाखाली काय काय विकलं जातं

या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात. माहितीपत्रक हातात आलं की यातली कुठली ते आधी ओळखा.

पहिली म्हणजे बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, बीए-एलएलबी किंवा बीकॉम-एलएलबी. डेहराडूनच्या यूपीईएसमध्ये, म्हणजे २००३ साली खास पेट्रोलियम आणि ऊर्जा विषयांसाठी निघालेल्या विद्यापीठात, ऊर्जा कायद्याचं स्पेशलायझेशन घेऊन हा कोर्स करता येतो. दुसरी, भारतात एलएलबी आणि मग परदेशात ऊर्जा कायद्यात एक वर्षाची एलएलएम. हा सर्वांत रुळलेला रस्ता, आणि मुंबईतल्या बहुतेकांसाठी तोच बरा. तिसरी खरी दुहेरी: दोन देशांतल्या दोन लॉ स्कूलच्या दोन जेडी (जेडी म्हणजे अमेरिका-कॅनडातली वकिलीची पदवी), जशा अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि कॅनडातलं कॅल्गरी विद्यापीठ मिळून देतात. चौथी, भारतीय आणि परदेशी विद्यापीठाने मिळून चालवलेला कार्यक्रम.

या चौथ्या प्रकाराला यूजीसीचे मे २०२२ चे विनियम लागू होतात. त्यात भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतल्या विद्यापीठ यादीत पहिल्या १०० मध्ये, नाहीतर सरकारने ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ ठरवलेली हवी. परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या क्रमवारीत पहिल्या १,००० मध्ये हवं. विद्यार्थ्याने किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून मिळवायला हवीत. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना हे विनियम लागूच नाहीत. शिवाय विषय कायद्याचा असल्यामुळे बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता वेगळी लागते. संस्थेकडे त्या मान्यतेच्या पत्राची प्रत मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

नियम ६

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, ती बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. तिच्या भरवशावर कुणी एलएलबीला प्रवेश घेतो आणि जोडीला ऊर्जा व्यवस्थापनाचा नियमित एमबीएही धरतो. इथेच घोडं पेंड खातं. बार कौन्सिलच्या २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्समधला नियम ६ सांगतो की कायद्याच्या पदवीबरोबर दुसऱ्या कुठल्याही पदवी, पदव्युत्तर किंवा सर्टिफिकेट कोर्सला एकाच वेळी नाव नोंदवता येत नाही. अपवाद तीनच: त्याच संस्थेचा एकत्रित अभ्यासक्रम, भाषा किंवा संगणकाचा छोटा अर्धवेळ कोर्स, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम.

याचा सरळ अर्थ असा, की एलएलबी चालू असताना दूरशिक्षणाने एमए अर्थशास्त्र करायला आडकाठी नाही. ऊर्जा कायद्यात वीजदराचं गणित सतत येतं, त्यामुळे ही जोडी उपयोगाचीही आहे. पण रोज वर्गात बसायचा दुसरा कोर्स एलएलबीला जोडू नका. सनदेच्या अर्जात तुमच्या शिक्षणाच्या तारखा तपासल्या जातात. तिथे दोन नियमित कोर्स एकमेकांवर चढलेले दिसले की अडचण तुमची. कॉलेज त्यात काही करू शकत नाही.

दुसरं कुंपण हजेरीचं. नियम १२ प्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. मुंबईतल्या ज्या कॉलेजांत लेक्चर भल्या पहाटेपासून सुरू होऊन दुपारच्या आत संपतात तिथली मुलं उरलेला दिवस एखाद्या चेंबरमध्ये घालवतात. ती पद्धत चांगलीच आहे, फक्त हजेरीच्या जिवावर नको.

ह्यूस्टन-कॅल्गरी: चार वर्षांत दोन जेडी

ह्यूस्टन विद्यापीठाचं लॉ सेंटर आणि कॅल्गरी विद्यापीठाची कायदा शाखा मिळून ‘इंटरनॅशनल एनर्जी लॉयर्स प्रोग्राम’ चालवतात. दोन्हीकडे दोन-दोन वर्षं काढायची, आणि शेवटी अमेरिकी जेडी आणि कॅनडाची जेडी अशा दोन पदव्या हातात. एरवी प्रत्येक जेडी तीन वर्षांची, म्हणजे सहा वर्षांचं काम चारांत होतं. त्यानंतर दोन्ही देशांत वकिलीच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची वाट खुली होते. टेक्सासने २०२१ पासून युनिफॉर्म बार परीक्षा (अनेक राज्यांत चालणारी वकिलीच्या परवान्याची सामाईक परीक्षा) स्वीकारली आहे. कॅल्गरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात परीक्षेबरोबर आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, करावी लागते.

हे कुणासाठी? ज्याने भारतात अजून कायद्याची पदवी घेतलेली नाही, ज्याच्याकडे बीए, बीकॉम, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी आहे, आणि ज्याला उत्तर अमेरिकेतच काम करायचं आहे, त्याच्यासाठी. पेट्रोलियम किंवा केमिकल इंजिनिअरला यात खास वजन येतं. ज्याला पाच वर्षांनी फोर्टमध्ये चेंबर थाटायचं आहे त्याने हा खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रवेश दोन्ही लॉ स्कूलमध्ये वेगवेगळा मिळवावा लागतो. एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही आलं तर दुहेरी कार्यक्रम हुकला, साधी जेडी उरली. एलसॅट, म्हणजे तिथल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, द्यावीच लागेल असं धरून चाला. ऑगस्ट २०२४ पासून तिच्यात कोड्यांचा विभाग नाही. तर्कबुद्धीचे दोन, वाचन-आकलनाचा एक आणि गुण न मोजला जाणारा एक असे ३५-३५ मिनिटांचे चार विभाग असतात, गुण १२० ते १८० मध्ये. आपल्याकडच्या सीईटीची तयारी इथे फारशी कामाला येत नाही. सीईटीत कायद्याचं आणि सामान्यज्ञानाचं पाठांतर चालतं, निगेटिव्ह मार्किंगही नाही. एलसॅटमध्ये पाठ केलेलं काहीच विचारत नाहीत. इंग्रजीत वेगाने युक्तिवाद फोडायची सवय लागायला सहा महिने तरी हाताशी ठेवा.

अर्ज करण्याआधी दोन ईमेल लिहा. एक दोन्ही लॉ स्कूलना: मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी प्रवेशासाठी पुरेशी आहे का? दुसरा बार कौन्सिल ऑफ इंडियाला: या दोन्ही विद्यापीठांच्या जेडी मान्यताप्राप्त परदेशी पदव्यांच्या यादीत आहेत का? उत्तरं लेखी येऊ द्या आणि जपून ठेवा. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम २४ प्रमाणे परदेशी पदवीवर सनद मिळते ती बार कौन्सिलने ती पदवी मान्य केली असेल तरच. वर पात्रता परीक्षा असते, आणि त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा. बारावीनंतर थेट इंग्लंडात तीन वर्षांची एलएलबी करणाऱ्यांचं गाडं इथे हमखास अडतं. आपल्याकडे पदवीनंतर तीन वर्षं किंवा बारावीनंतर पाच वर्षं असा हिशेब आहे, त्यामुळे त्यांच्यामागे ब्रिज कोर्सचं लचांड लागतं.

व्हिसाही दोन. अमेरिकेसाठी एफ-१, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. कॅनडासाठी स्टडी परमिट. मध्ये देश बदलताना दुसऱ्या देशाची फाइल किमान एक सत्र आधी लावा. जेडीला ‘स्टेम’चा (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित विषयांचा) दर्जा नाही, म्हणून अमेरिकेत शिकून झाल्यावर कामाची मुभा १२ महिन्यांची. इंजिनिअर मित्रांना तीन वर्षं मिळाली म्हणून तुम्हालाही मिळतील असं धरू नका.

मुंबईत एलएलबी, बाहेर एलएलएम

मुंबईत राहून एलएलबी करायची तर चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (१८५५), मुंबई विद्यापीठाची इतर संलग्न कॉलेजं, आणि क्लॅट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून जायचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. कुठल्याही कॉलेजात ऊर्जा कायद्याचं ओझं अभ्यासक्रमात फारसं नाही. ते बाहेरून भरावं लागतं, त्याविषयी पुढे.

एलएलएमसाठी स्कॉटलंडमध्ये डंडीचं सीईपीएमएलपी (१९७७ पासून ऊर्जा, पेट्रोलियम आणि खनिज कायदा हाच विषय) आणि अॅबर्डीन, लंडनमध्ये क्वीन मेरी, अमेरिकेत ह्यूस्टन आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ ही ठळक नावं. स्कॉटलंडला गेलात तर नॉर्थ सीच्या परवान्यांची आणि बंद विहिरी उखडण्याच्या जबाबदारीची सवय होते. बॉम्बे हायच्या जुन्या प्लॅटफॉर्मचा प्रश्न उद्या आपल्याकडे येणारच आहे, तेव्हा हे शिक्षण वाया जायचं नाही. टेक्सासला गेलात तर जमिनीखालचं तेल जमीनमालकाचं हा आपल्याला चमत्कारिक वाटणारा कायदा शिकाल. आपल्याकडे समुद्रातलं खनिज अनुच्छेद २९७ प्रमाणे संघराज्याचं, जमिनीवरच्या तेलाचे परवाने १९४८ च्या ऑइलफील्ड्स कायद्याखाली सरकार देतं. म्हणून टेक्सासच्या खासगी भाडेपट्ट्याचं ज्ञान इथे तसंच्या तसं लागू पडत नाही. ‘जॉइंट ऑपरेटिंग अॅग्रीमेंट’चा अभ्यास मात्र पडतो, कारण एका ब्लॉकमध्ये दोन-तीन कंपन्या असल्या की तो करार सगळीकडे जवळपास एकाच साच्याचा असतो.

एलएलएमवर न्यूयॉर्कचा परवाना काढायचा बेत असेल तर पुढचा हिशेब वहीत लिहून ठेवा. न्यूयॉर्कच्या नियम ५२०.६ प्रमाणे एलएलएममध्ये किमान २४ क्रेडिट हवीत. त्यातली २ व्यावसायिक नीतिमत्तेची, २ कायदेशीर संशोधन-लेखनाची, २ अमेरिकी कायद्याच्या ओळखीची, आणि ६ बार परीक्षेत येणाऱ्या विषयांची. म्हणजे १२ क्रेडिट ठरलेली, ऊर्जेसाठी उरतात १२. ऊर्जा एलएलएमची मुलं पहिल्याच सत्रात तेल-वायू, वीज नियमन, पर्यावरण असे आवडते विषय भरतात, आणि दुसऱ्या सत्रात लक्षात येतं की नीतिमत्तेचा वर्ग भरून गेला. विषय निवडण्याच्या पहिल्याच दिवशी ही १२ अडवून ठेवा. पदवीच्या पात्रतेची पूर्वतपासणी न्यूयॉर्कच्या बार परीक्षा बोर्डाकडे किमान एक वर्ष आधी मागा, कारण मुंबईहून कागद यायला वेळ लागतो. परीक्षेशिवाय ५० तासांचं विनामूल्य कायदेशीर कामही दाखवावं लागतं.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला तिथली दोन वर्षांची उमेदवारी लागत नाही. म्हणून एलएलबी झाल्यावर सनद न घेताच विमानात बसणं हे नुकसानीचं. आधी इथली सनद घ्या, मग जा.

मुंबईतली वर्षं कुठे घालवायची

परदेशी प्रवेश समितीला ‘मला ऊर्जेची आवड आहे’ या वाक्याचं काही वाटत नाही. त्यांना काम दिसावं लागतं, आणि ऊर्जेचं काम मुंबईइतकं हाताशी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. चेंबूर-माहुलला रिफायनऱ्या, बॅलार्ड इस्टेट आणि चर्चगेटला तेल कंपन्यांची मुख्यालयं, वांद्र्याच्या प्रकाशगडला महावितरण, शहरात बेस्ट, टाटा आणि अदानी अशा वेगवेगळ्या वीजकंपन्या.

यात सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधलं महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचं कार्यालय. आयोगाची रोजची यादी संकेतस्थळावर लागते. सुनावण्या प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर होतात. एक प्रकरण धरा आणि शेवटपर्यंत त्याचा पिच्छा पुरवा: याचिका, हरकती, सुनावणी, आदेश, आणि पुढे अपील. २००३ च्या वीज कायद्यात हा मार्ग स्वच्छ आखलेला आहे. दराची याचिका कलम ६२ आणि ६४ खाली, निकाल १२० दिवसांत अपेक्षित. वीजनिर्मिती कंपनी आणि वितरक यांचा तंटा कलम ८६(१)(एफ) खाली. आयोगाच्या आदेशावर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे कलम १११ प्रमाणे ४५ दिवसांत अपील, आणि तिथून कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर कलम १२५ प्रमाणे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

दराचा आदेश कसा वाचायचा? शेकडो पानं असतात, पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर दहाव्या पानावर झोप लागेल. आधी एकूण महसुली गरजेचं कोष्टक काढा. त्यात तीन स्तंभ शोधा: कंपनीने मागितलेला आकडा, आयोगाने मंजूर केलेला आकडा, आणि आधीच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च जुळवून घेण्याचा, ज्याला ‘ट्रू-अप’ म्हणतात तो. बहुतेक वेळा सर्वांत मोठी ओळ वीजखरेदीची असते. मागितलेल्या आणि मंजूर आकड्यांत मोठी तफावत जिथे दिसेल त्या ओळीचा क्रमांक घेऊन आदेशाच्या मजकुरात जा, आयोगाने कारण तिथे दिलेलं असतं. असे दोन आदेश फोडलेत की तीन पानी टिपण तयार होतं, आणि तेच अर्जाला जोडायचा लेखननमुना म्हणून चालतं.

दराच्या याचिकेवर सामान्य ग्राहकही लेखी हरकत घेऊ शकतो. कॉलेजातल्या विद्यार्थ्याने आपल्या सोसायटीच्या वतीने मुदतीत, मुद्देसूद, आकड्यांसह एक हरकत दाखल केली, तर ती बायोडेटातल्या दहा वेबिनार सर्टिफिकेटांना भारी पडते. हरकतीत ‘वीज फार महाग आहे’ असं लिहू नका. कुठल्या कोष्टकातला कुठला खर्च कुठल्या विनियमात बसत नाही ते लिहा.

इंटर्नशिपचा नियमही नीट वापरा. तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. नियमात न्यायालय आणि वकिलांबरोबर नियामक संस्थाही आहेत. चार आठवडे ऊर्जा प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाकडे, चार एखाद्या कंपनीच्या विधी विभागात, चार जमिनीच्या कागदांवर, अशी विभागणी करा.

जमिनीच्या कागदांना एवढं महत्त्व का? साताऱ्यात, धुळ्यात किंवा सांगलीत पवनचक्की किंवा सौर प्रकल्प उभा राहतो तेव्हा मुंबईतल्या फर्मला आधी जमिनीची मालकी तपासावी लागते. तो सगळा व्यवहार मराठीत: सातबारा, फेरफार, आठ-अ, जुने हस्तलिखित उतारे. नावाजलेल्या विधी विद्यापीठांतून आलेल्या कित्येक सहकाऱ्यांना ‘इतर हक्क’ रकान्यातली तगाई, कुळाची नोंद किंवा ‘नवीन शर्त’ म्हणजे काय ते कळत नाही. तुम्हाला कळतं, किंवा महिनाभरात कळू शकतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ (आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही) आणि कुळकायद्याचं कलम ६३ (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर बंधन) ही दोन कलमं समजली की अशा प्रकल्पात नेमकं कुठे अडतं ते कळतं. लँड लॉजचा पेपर म्हणूनच पास होण्यापुरता वाचू नका.

वाचनासाठी निकाल थोडे घ्या, पण पूर्ण वाचा. एनर्जी वॉचडॉग (२०१७) पासून सुरुवात करा. इंडोनेशियाने २०१० मध्ये कोळशाच्या किमतीचे नियम बदलले, मुंद्र्याच्या प्रकल्पांचा कोळसा महागला, कंपन्यांनी दर वाढवून मागितला. न्यायालय म्हणालं, माल महाग झाला म्हणून करार पाळणं अशक्य होत नाही, आणि करारातला ‘कायद्यातील बदल’ म्हणजे भारतातल्या कायद्यातला बदल. देशी कोळसा पुरवठ्याचं सरकारी धोरण बदललं त्याची भरपाई मात्र मान्य झाली. करारातल्या व्याख्येच्या एका ओळीवर हजारो कोटी कसे फिरतात ते यात दिसतं. मग रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस विरुद्ध रिलायन्स इंडस्ट्रीज (२०१०), वायूवर मालकी कुणाची यासाठी. मग जुलै २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा मिनरल एरिया डेव्हलपमेंट अॅथॉरिटीचा निकाल: ८ विरुद्ध १ ने ठरलं की स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नव्हे, आणि खनिज-हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. कॅनडाला जाणाऱ्यांनी नियमगिरीचा (ओडिशातल्या डोंगरावरच्या खाणीबाबत ग्रामसभांचा कौल घ्यायला लावणारा) २०१३ चा निकाल जरूर वाचावा. कॅनडातल्या आदिम जमातींशी सल्लामसलत करण्याचं तिथल्या सरकारचं कर्तव्य आणि आपली ग्रामसभा यांची तुलना हा अर्जातल्या निबंधाला चांगला विषय आहे.

अर्जाचे कागद, आणि ते कुठे अडकतात

नाव. इथेच पहिली ठेच लागते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आईचं नाव नाही. परदेशातला कारकून ‘सुनीता’ हे तुमचं आडनाव समजतो. पासपोर्टप्रमाणे नाव भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडा.

ट्रान्सक्रिप्ट. अमेरिका-कॅनडाच्या लॉ स्कूलसाठी बहुधा एलसॅकच्या (एलसॅट घेणाऱ्या संस्थेच्या) सेवेतून कागद जातात, आणि ते विद्यापीठाकडूनच थेट पोचावे लागतात. तुम्ही स्कॅन करून पाठवलेली गुणपत्रिका चालत नाही. कलिनाच्या परीक्षा भवनातून ट्रान्सक्रिप्ट काढायला दोन महिने धरून ठेवा. अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत असेल तर गणपतीच्या आधी मागणी करा, नंतर सुट्ट्याच सुट्ट्या.

केटी. लपत नाही, लपवूही नका. कुठल्या सत्रात, का, आणि पुढे काय गुण आले हे तीन ओळींत वेगळ्या पुरवणीत लिहा. तसंच, मुंबई विद्यापीठात कायद्याला ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग, हे तिकडे कुणाला माहीत नसतं. ६२ टक्क्यांकडे ते ‘जेमतेम पास’ म्हणून पाहतील. ट्रान्सक्रिप्टच्या मागे श्रेणीचं कोष्टक छापलेलं आहे याची खात्री करा, आणि शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना वर्गातला तुमचा क्रमांक लिहायची विनंती करा.

शिफारसपत्र. मोठ्या हुद्द्याचं नाव मिळवण्यासाठी काकांच्या ओळखीतले निवृत्त न्यायमूर्ती शोधू नका. ज्या वकिलाने तुमची तीन टिपणं लाल पेनाने खोडली असतील त्यांचं पत्र घ्या, कारण त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असतं.

अंतिम सत्राचा निकाल लांबला तर? ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या एलएलएमला हे दुखणं नेहमीचं. कॉलेजकडून परीक्षा दिल्याचं पत्र घ्या, परदेशी विद्यापीठाला निकाल येण्याआधीच कळवा, आणि पुढच्या वर्षावर प्रवेश ढकलता येतो का ते डिपॉझिट भरण्याआधी विचारा.

पैसे

शिष्यवृत्त्यांत एक खाच आहे. राज्य सरकारची अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाचा एकूण जागतिक क्रमांक पाहते. ऊर्जा कायद्यात नाव काढलेली ह्यूस्टन आणि डंडी एकूण क्रमवारीत बरीच खाली आहेत. तेव्हा विद्यापीठ ठरवण्याआधी चालू वर्षाची जाहिरात आणि तिथला क्रमांक दोन्ही समोर ठेवा. चेव्हनिंग एक वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सलाच मिळते, तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. जे. एन. टाटा एंडोमेंट (१८९२) आणि के. सी. महिंद्रा यांच्या मुंबईतूनच चालणाऱ्या योजना कर्ज-शिष्यवृत्तीच्या आहेत, म्हणजे पैसे परत करायचे असतात.

बँकेचं कर्ज घेताना चार वर्षांच्या जेडीचं अंदाजपत्रक आजच्या डॉलरच्या दराने मांडू नका. पैसे सत्रासत्राने जातात आणि मधल्या काळात रुपया घसरतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी दर चढा धरून मंजुरी घ्या, मधेच वाढीव रक्कम मागायला गेलं की बँक पुन्हा तारण मागते. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून वर्षाला १० लाखांवर पाठवलं तर कापला जातो, आणि तो विवरणपत्र भरून परत मिळवावा लागतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

परत आल्यावर

इथली एलएलबी असेल तर काम सोपं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी, मग दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा, खुल्या वर्गाला ४५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीची फी खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. दुसऱ्या कुठल्या नावाखाली रक्कम मागितली तर पावती मागा.

परदेशी जेडी घेऊन आलेल्यांनी मान्यतेचा अर्ज तिथून निघण्याआधीच सुरू करावा. मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, दोन्ही विद्यापीठांतल्या राहण्याच्या तारखा आणि पासपोर्टवरचे शिक्के एका फाइलमध्ये लावा. दोन देशांत शिक्षण झालेलं असल्यामुळे ‘कुठल्या पदवीसाठी किती काळ वर्गात बसलात’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर दोन्ही विद्यापीठांच्या रजिस्ट्रारच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर हवं, आणि ते पत्र मुंबईत बसून मागवण्यापेक्षा पदवीदानाच्या आठवड्यात काउंटरवर उभं राहून घ्यावं.